पाव आटा मागे

चाक जमिनीवरून सुटलं की अण्णा, माझे वडील, बोलायचे नाहीत. जॅकखाली लाकडाचा ठोकळा, एक्सलखाली टेकूची घोडी, बाकीच्या चाकांना अडवायला उटी, इथपर्यंत आरडाओरडा चालू असायचा. मग एकदम गप्प. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशी. वरून ढकल, खालून ओढ. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, पोटात कुठेतरी ‘टक्’ व्हायचं, किंवा व्हायचं नाही. त्या एका आवाजासाठी ते शेजारच्या लेथवाल्यालाही हात करून थांबवत.

टक् झालं की हाक यायची, “बेटा, ब्रेक.”

मी नऊ-दहा वर्षांची असेन. केबिनमध्ये चढून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहायचे. ब्रेक लागला की लायनिंग ड्रमला धरतं आणि हब जागच्या जागी जखडतो. अण्णा पुन्हा चाक हलवत. आता टक् गेलं, तर बेअरिंग सैल. तरीही राहिलं, तर दोष त्याच्या मागे, किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात. पुढच्या चाकाची ही परीक्षा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली, आणि आजही मी तीच घेते.

आमचं घर इंदूरला रामबागेत, ट्रकचं गॅरेज देवास नाक्याकडे. घरात मराठी, गॅरेजात हिंदी, आणि गावाकडून आलेल्या ड्रायव्हरांशी माळवी. गॅरेजातला दुसरा माणूस म्हणजे चाचा. आधी कापड गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे आले. ट्रकचं काम त्यांनी चाळिशीनंतर शिकलं, पण लोखंडावर हात कसा ठेवायचा हे गिरणीतूनच शिकून आले होते. माझ्याकडे शाळा सुटल्यावर ग्रीसचं काम असे. माझे हात लहान, त्यामुळे रोलरांच्या मधे बोट नीट जायचं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, केरोसीनने धुऊन पूर्ण सुकवलेलं बेअरिंग उजव्या हातात धरायचं, आणि त्याची रुंद बाजू गोळ्यावर दाबत दाबत ओढायची. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीसच्या शेवया बाहेर पडेपर्यंत. मग थोडं फिरवून पुढची फट. वरून फासलेलं ग्रीस अण्णांना एका नजरेत कळायचं. “चेहऱ्याला पावडर लावलीस, पोटात काही नाही,” म्हणत ते बेअरिंग परत द्यायचे. हबची पोकळी मात्र ते गच्च भरू देत नसत. जास्तीचं ग्रीस घुसळलं जातं, तापतं आणि सीलमधून, म्हणजे ग्रीस आत अडवणाऱ्या कडीतून, वाट काढतं.

जुन्या ट्रकच्या हबमध्ये अशी दोन बेअरिंगं असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. दोन्ही टेपर रोलर. रोलर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, उसाच्या कांड्यासारखे. ते आतल्या कोनभोवती, म्हणजे निमुळत्या कडीभोवती, तिरके बसतात, आणि बाहेरची कडी, कप, हबमध्ये ठोकून बसवलेली असते. हा तिरकेपणा फार मोलाचा. सरळ रोलर गाडीचं वजन पेलतो, पण वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो तो त्याला सोसत नाही. तिरका रोलर दोन्ही पेलतो. अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी 1898 साली या बेअरिंगचं पेटंट घेतलं. गाडी वळली की चाकाच्या आत काय होतं, हे मोटारी रस्त्यावर दिसू लागण्याच्या काळात एका घोडागाड्यांच्या कारागिराला उमगलं होतं, याचं मला कॉलेजात फार अप्रूप वाटलं होतं. इंदूरच्या राजवाड्यासमोरचे टांगे आठवले होते.

पण तिरकेपणामुळेच एक प्रश्न उभा राहतो. कोन जितका आत सरकेल तितके रोलर कपाला घट्ट भिडतात, जितका बाहेर तितके सुटे. म्हणजे ते किती भिडावेत हे बेअरिंग स्वतः ठरवत नाही. एक्सलच्या टोकाचा नट ठरवतो, आणि नट माणसाच्या हातात असतो.

इथे मला आपल्या भाषेतल्या दोन शब्दांबद्दल बोलायचं आहे. चाचा म्हणायचे ‘ढील’. संक्रांतीला गच्चीवर पतंगाला देतात तीच. ड्रायव्हर म्हणायचे ‘प्ले’. अण्णा मात्र मराठीतले दोन वेगळे शब्द वापरत आणि त्यांची कधीही गल्लत करत नसत. “चाक सैल आहे,” म्हणजे बिघाड. “चाक मोकळं आहे,” म्हणजे काम झालं. एकाच नटाच्या एकाच आट्यावर ही दोन्ही ठिकाणं आहेत. सैलच्या पलीकडे चाक डुगडुगतं, सील फाटतं, टायर एका अंगाने खातं. मोकळंच्या अलीकडे घट्ट, आणि घट्ट बेअरिंग पहिल्या घाटात जळतं. मधली जागा केवढी? हजारांश इंचात मोजायची, तर एक ते पाच. मिलिमीटरमध्ये 0.025 ते 0.127. पाच हजारांश म्हणजे डोक्याच्या जाडसर केसाहून थोडं जास्त. शून्य का नको, हे मी लहानपणी अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, “रोलर आणि कप यांच्या मधे ग्रीस राहायला नको? आणि तापल्यावर लोखंड जाणार कुठे?” त्याहून चांगलं उत्तर मला पुढे पुस्तकातही मिळालं नाही.

अण्णांची पद्धत अशी. मागच्या चाकाचा हाफ शाफ्ट आधी काढायचा. या गाड्यांमध्ये तो फक्त चाक फिरवतो, वजन सगळं हबवर आणि हबमधून एक्सलच्या नळीवर. शाफ्ट ओढला की आत दोन मोठे नट दिसतात, मधे लॉक वॉशर. आतला नट सेटिंगचा, बाहेरचा त्याला जागीच धरणारा चेक नट. सगळं धुऊन, तपासून, कपावर किंवा रोलरवर खड्डा दिसला तर कप-कोन जोडीनेच बदलून, मग आतला नट लावायचा. एकाने मोठ्या टॉमीने नट आवळत राहायचं, दुसऱ्याने त्याच वेळी चाक फिरवत राहायचं, आधी पुढे, मग मागे. चाक न फिरवता आवळलं तर रोलर आपल्या जागी बसतच नाहीत. नट घट्ट वाटतो, आणि पन्नास किलोमीटरवर रोलर सरकून बसले की तेच चाक सैल होतं. चाक चांगलं जड झालं की नट पूर्ण सोडायचा. मग पुन्हा बेताने आवळायचा, चाक फिरवतच. आणि मग अण्णा म्हणत, “पाव आटा मागे.” नट फेरीचा चौथा हिस्सा उलटा. लॉक वॉशर, चेक नट, वॉशरचा कान दुमडून झालं.

पाव का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या उस्तादाने त्यांना पाव सांगितला होता.

1990 च्या दशकात मी इंदूरलाच मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होते. वर्गात मुली मोजक्या, आणि त्यांत तळहाताच्या रेषांत ग्रीस असलेली मी एकटी. दुसऱ्या वर्षी मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, शिकताना एका रात्री मी पाव आट्याचं गणित मांडलं. आमच्याकडे कायम येणाऱ्या एका बाराशे दहा मॉडेलच्या ट्रकच्या मागच्या एक्सलचे आटे मी गेज लावून मोजले होते, दीड मिलिमीटरचे. पूर्ण फेरीला नट दीड मिलिमीटर सरकतो. पाव फेरीला 0.375. आणि हवी ती मोकळीक जास्तीत जास्त 0.127. म्हणजे अण्णा तिप्पट सैल ठेवत होते! दुसऱ्यांदा मांडलं. तेच उत्तर. गणितात चूक नव्हती.

पुढच्या आठवड्यात अण्णा तापाने घरी होते आणि तीच गाडी मागच्या डाव्या चाकाला आली. चाचांनी रीतीप्रमाणे सगळं केलं आणि पाव आट्यासाठी पाना लावला. मी म्हटलं, “चाचा, बारावा हिस्सा. पाव नको.” बारावा हिस्सा म्हणजे बरोबर 0.125. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मालकाची मुलगी, कॉलेजात शिकणारी. त्यांनी बारावा हिस्सा मागे घेतला, चेक नट आवळला, चाक फिरवलं. “भारी है, बेटा.” मी म्हणाले, नवं ग्रीस आहे, सुटेल.

गाडी सोयाबीनची पेंड भरून धुळ्याला निघाली. राऊ, मानपूर, आणि मग गुजरीकडे उतरणारा घाट. ज्यांनी हा आग्रा-मुंबई रस्ता जुन्या दिवसांत पाहिला आहे त्यांना त्या उताराबद्दल सांगायला नको. उतारावर ब्रेकचा वास येतोच, त्यामुळे ड्रायव्हरला वावगं वाटलं नाही. सपाटीला लागल्यावरही वास गेला नाही, तेव्हा त्याने आरशात पाहिलं. डाव्या चाकातून धूर निघत होता. त्याने गाडी वेळेवर बाजूला घेतली. कोणाला काही झालं नाही. हे वाक्य लिहिताना मी आजही थांबते. चाक निखळून सुटलं असतं तर समोरून कोण येत होतं, मला ठाऊक नाही.

अण्णा ताप अंगात घेऊन बसने गेले, मी बरोबर. धामनोदच्या अलीकडे एका ढाब्याच्या अंगणात गाडी उभी होती. हब उघडल्यावर काय दिसलं ते मी विसरणार नाही. रोलर सपाट झालेले, रोलर जागी धरणारा पिंजरा मोडून त्याचे तुकडे काळ्या राखेसारख्या ग्रीसमध्ये रुतलेले, आणि कोन एक्सलच्या नळीला चिकटलेला, मोराच्या मानेसारखा निळा. पोलादाचा तो निळा रंग दिसायला सुंदर असतो. त्याचा अर्थ एवढाच की आता त्यात कस उरलेला नाही.

अण्णांनी विचारलं, “किती मागे घेतला होतास?”

“बारावा हिस्सा.”

ते काही बोलले नाहीत. छिन्नीने कोन कापायला बसले. नळीला ओरखडा जाऊ नये म्हणून दोन तास लावले. रात्री ढाब्यावर जेवताना मी माझं गणित त्यांना कागदावर दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “हे बरोबर दिसतंय. मग चाक का जळलं?” हा टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं होतं. मला तोपर्यंत वाटत होतं की ते माझ्यावर रागावतील. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते, आणि प्रश्न तिथेच राहिला असता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून शनिवारी संध्याकाळी मला डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारं मापयंत्र, घरी नेऊ दिला, सोमवारी सकाळी परत करायच्या बोलीवर. रविवारी गॅरेज बंद. अण्णा, चाचा, मी आणि ती बाराशे दहा. गेजचं चुंबकी बूड हबवर चिकटवलं, टोक एक्सलच्या तोंडावर टेकवलं. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरायचं, किंचित इकडेतिकडे फिरवत सरळ आत दाबायचं, आकडा वाचायचा. मग तसंच बाहेर ओढायचं, पुन्हा वाचायचा. दोन्हींतला फरक ती मोकळीक. वर-खाली डुलवून वाचला तर आकडा खोटा येतो, हे आम्हाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं.

बारावा हिस्सा मागे घेतला. 0.09. माझ्या कागदाच्या जवळपास. चाक छान फिरत होतं. मग चाचांनी वॉशर घालून चेक नट आवळला, आणि मी पुन्हा चाक ओढलं. काटा हललाच नाही. चाक जड.

आम्ही तिघांनी ते पाहिलं. अण्णांनी चेक नट सोडायला सांगितला. काटा पुन्हा हलला. आवळला, गेला. तीन वेळा करवून घेतलं. मग चाचांनी आतला नट हातात धरून नळीवर पुढे-मागे ढकलून दाखवला. न फिरवता. नट आट्यांवर डळमळत होता, थोडासा, पण डळमळत होता. नटाचे आटे आणि नळीचे आटे यांच्यातही मोकळी जागा असते, जुन्या गाडीत झिजून ती आणखी वाढते. चेक नट आवळला की तो आतल्या नटाला ती सगळी जागा ओलांडून बेअरिंगवर ढकलतो. माझ्या गणितात ही जागा नव्हती. दाबून आवळताना किंचित चेपलेलं लोखंड नट सोडल्यावर परत फुलतं, तेही नव्हतं. पाव आट्यातला दोन तृतीयांशांहून थोडा जास्त भाग या दोघांत जात होता. पाव मागे घेऊन, चेक नट आवळून मोजलं: 0.11. अगदी हवं तिथे.

म्हणजे अण्णांचा पाव बरोबर निघाला. इथे थांबले असते तर त्यांचा मान राहिला असता आणि गोष्ट संपली असती. पण अण्णा म्हणाले, “तो ट्रेलर पण बघू.”

अंगणात एक जुना ट्रेलर उभा होता. त्याच्या एका एक्सलची सीलं दर दोन-तीन महिन्यांनी जायची, ग्रीस लायनिंगवर उतरायचं, आणि घाटात ग्रीस लागलेल्या लायनिंगचा भरवसा नसतो. दोन वर्षं अण्णा सीलवाल्याशी भांडत होते की माल हलका देतो. त्या चाकाला गेज लावला. पाव आटा, चेक नट आवळून, 0.45. हातालाही सैल लागायचं, पण ट्रेलरचं चाक असंच असतं अशी सवय झाली होती. मी आटे मोजले. ते जाड होते, इंचाला आठ. पाव फेरीला हा नट जवळपास आठ दशांश मिलिमीटर सरकत होता, बाराशे दहाच्या नटाच्या दुप्पट. आठवा हिस्सा मागे घेऊन पाहिलं. 0.10.

काही वर्षांनी ट्रकदुरुस्तीची एक अमेरिकी प्रमाण पद्धत माझ्या हाती आली. चाक फिरवत 200 फूट-पाउंडांच्या पिळाने आवळा, पूर्ण फेरी सोडा, पुन्हा 50 ने आवळा, मग ठरावीक हिस्सा मागे, आणि कुलूप लावल्यावरच, म्हणजे चेक नट आवळल्यावरच, गेजने मोजा. ट्रेलरसाठी इंचाला 16 आटे असतील तर पाव फेरी, 8 असतील तर आठवा हिस्सा. दोन्हींचा गुणाकार करून पाहा, इंचाचा चौसष्टावा भाग येतो. 0.397 मिलिमीटर. आमच्या त्या रविवारचेच आकडे. तो कागद मी अण्णांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून फक्त “कुलूप लावल्यावरच” या शब्दांखाली नखाने रेघ ओढली.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. त्या रविवारनंतरच्या सोमवारी अण्णा सियागंजजवळच्या त्या सीलवाल्याकडे गेले, काही विकत घ्यायचं नसताना, आणि सांगून आले की सीलं चांगली होती, चूक आमची होती. साठीला टेकलेला माणूस हे करतो, हे मी चाचांकडून ऐकलं, त्यांच्याकडून कधीच नाही. संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर खडूने तीन ओळी होत्या. बारीक आटे पाव. जाड आटे आठवा. चेक नटनंतर बघणे. चाचांनी हिंदीत तेच खाली लिहिलं. पहिल्या पगारातून मी डायल गेज आणला, तो अजून तिथेच खिळ्याला आहे, लाल कापडात.

हल्ली भाऊ गॅरेज सांभाळतो. नव्या ट्रकांची बेअरिंगं कारखान्यातच जुळवून येतात. दोन कोनांच्या मधे नेमक्या लांबीचा स्पेसर असतो, नट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाला, आवळला की संपलं. पाव नाही, आठवा नाही. मला याचं वाईट वाटत नाही. चाकाखाली आणि चाकासमोर माणसं असतात. कोणाच्या तरी उस्तादाने काय सांगितलं यावर त्यांचा जीव अवलंबून नसावा. माझी काळजी आहे ती उरलेल्या गाड्यांची. विटा, वाळू, मंडीचा माल वाहणाऱ्या, चौथ्या-पाचव्या मालकाकडे आलेल्या. त्यांची चाकं सगळ्यात घाईत आणि सगळ्यात स्वस्तात आवळली जातात, आणि त्यांचेच आटे सगळ्यात झिजलेले असतात. गेज एका टायरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ज्या गॅरेजात गेज नाही, तिथे निदान चेक नट आवळल्यावर चाक पुन्हा एकदा हाताने फिरवून आणि डुलवून बघा, असं मी भेटेल त्या मिस्त्रीला सांगते. काही ऐकतात.

मागच्या डिसेंबरात अशीच एक विटांची गाडी आली. भाऊ बाहेरगावी होता. भाचा सुट्टीत आलेला, त्याला चाक फिरवायला बसवलं आणि मी नट घेतला. चारही चाकं उतरवून, धुऊन, भरून, सेट करायला दोन दिवस लागले. प्रत्येक आकडा खडूने टायरवर लिहिला. मग अण्णांची शेवटची परीक्षा. ड्रायव्हरला सांगितलं, देवासला जाऊन ये, कुठे थांबू नकोस.

दोन तासांनी गाडी परतली. थंडी चांगलीच होती. भाच्याला म्हटलं, उलटा हात लाव, तळहात नको, मागच्या बाजूला ऊब लवकर कळते. पुढची दोन्ही कोमट. मागचं डावं कोमट. मागच्या उजव्यावर त्याने हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हात लावून बघितला. जळण्यासारखं काही नव्हतं, जरासं जास्त होतं.

“आत्या, चालेल ना एवढं?”

“घोडी आण,” मी म्हटलं, आणि गेज खिळ्यावरून काढला.